नऊ महिने कुठून आले? एसीएलनंतर मैदानावर परतण्याची पार्श्वभूमी

बडोद्यात खो-खो किंवा कबड्डी खेळणाऱ्या घरात एसीएलची, म्हणजे गुडघ्यात दोन हाडांना बांधून ठेवणाऱ्या पुढच्या बंधाची, शस्त्रक्रिया झाली की टाके निघण्याआधीच विचारणा सुरू होते : पोरगी पाटीवर पुन्हा कधी बसणार? हल्ली बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, नऊ महिन्यांनी. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सहा सांगत, आणि त्याच्याही आधी एक वर्ष. गुडघा तोच, आकडे मात्र तीन. यातला शेवटचा आकडा कसा आला आणि त्याच्यासोबत आलेली अट कशी गळून पडली, ते सांगण्यासाठी हे टिपण आहे.

या शहरात दुखऱ्या सांध्यावर उपचार करण्याची परंपरा रुग्णालयांपेक्षा जुनी आहे. बडोद्याच्या जुन्या व्यायामशाळांमध्ये कुस्ती आणि मल्लखांबाच्या जोडीने हाड बसवणं, मुरगळ उतरवणं, तेल-मालीश हीदेखील विद्या म्हणून जोपासली गेली. 1923 मध्ये इथल्याच एका जिमखान्याने हुतुतूच्या अखिल भारतीय स्पर्धा भरवल्या होत्या. इतका खेळ असलेल्या गावात गुडघे त्याही काळी दुखावत असणारच. हाडवैद्याच्या हाताला यश यायचं, कारण निखळलेला खांदा किंवा साधी मुरगळ त्या हाताने खरोखर बरी होते. एसीएलच्या बाबतीत मात्र फसगत होते. सूज तीन-चार आठवड्यांत उतरते, चालता येतं, घरचे निश्चिंत होतात. मग एखाद्या दिवशी पळता पळता अंगाला झोकांडी द्यावी लागते आणि गुडघा निसटतो. असा दोन-चारदा निसटला की आतली गादीही फाटते, आणि पुढच्या आयुष्यातला संधिवात तिथून सुरू होतो. आजही कित्येक खेळाडू अस्थिरोगतज्ज्ञाकडे पोचतात ते या दुसऱ्या-तिसऱ्या निसटण्यानंतर.

शस्त्रक्रियेचा जुना इतिहास थोडक्यात असा. 1895 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्समध्ये एका खाणकामगाराच्या गुडघ्यातले दोन्ही क्रुशिएट बंध (फुलीसारखे एकमेकांवरून जाणारे; एसीएल त्यातला पुढचा) शिवले गेले. 1917 मध्ये ब्रिस्टलमध्ये मांडीच्या बाहेरच्या अंगाची पट्टी आत ओवून नवा बंध तयार केला गेला. 1963 मध्ये गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडऱ्याचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचा, मधला भाग वापरण्याची पद्धत प्रसिद्ध झाली, आणि 1980 पासून हे काम दुर्बिणीतून होऊ लागलं. मधल्या काळात कृत्रिम धाग्यांचे बंधही वापरून झाले; ते तुटायचे, त्यांच्या कणांमुळे गुडघा सुजायचा. शेवटी रुग्णाच्याच अंगातला कंडरा, वाटीखालचा किंवा मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूचा, हाच मार्ग टिकला.

शस्त्रक्रियेनंतर काय करायचं, यातला बदल मला त्याहून मोठा वाटतो. सत्तरच्या दशकात गुडघा वाकवून सहा आठवडे प्लास्टरमध्ये ठेवत. प्लास्टर निघायचं तेव्हा मांडी काठीसारखी झालेली असायची आणि पाय पूर्ण सरळ होत नसे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या एका शल्यविशारदाने आपल्या रुग्णांची पाहणी केली. सूचना धाब्यावर बसवून लवकर पाय टेकवणारे, कुबड्या लवकर सोडणारे रुग्ण आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगले होते, असं त्यांना आढळलं. त्यातून 1990 मध्ये 'वेगवान पुनर्वसना'चा आराखडा आला : पहिल्या दिवसापासून पाय पूर्ण सरळ करायचा, झेपेल तितका भार द्यायचा, आणि चार ते सहा महिन्यांत खेळ. प्लास्टरच्या जाचातून खेळाडूंना सोडवणारं हे पाऊल होतं. पण जगभर त्यातले 'सहा महिने' तेवढे लक्षात राहिले. गुडघ्याची ताकद तपासून पुढे जायचं, हा त्याचा दुसरा भाग मागे पडला.

आता वादाचा मुद्दा. बसवलेला कंडरा पहिल्या दिवशी बंध नसतो. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. आतल्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि मग तो सावकाश बंधासारखा घडत जातो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो सर्वांत कमजोर आढळला तो सुमारे सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. माणसात ही घडण वर्षभर आणि त्याहूनही जास्त चालते. म्हणजे वेदना थांबतात, चाल सुधारते, जिना चढता येतो, नेमका त्या सुमारास आतला बंध सर्वांत नाजूक असतो. बडोद्यात याच काळात नवरात्र आली तर संकटच. गरब्यातली गिरकी म्हणजे जमिनीवर रोवलेल्या पावलावर फिरणारा गुडघा, तोही नऊ रात्री, तासन्‌तास. दांडिया हातात घेऊन कडेला उभं राहायलाही घरच्यांनी हो म्हणण्याआधी फिजिओला विचारावं.

'नऊ' या आकड्याला बळ मिळालं 2016 मध्ये. नॉर्वेच्या संशोधकांनी शंभरेक खेळाडूंवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबलं, तितकं प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण 51 टक्क्यांनी घटलं. 2020 मध्ये स्वीडनमधल्या तरुण खेळाडूंच्या अभ्यासातही नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांना नव्याने बंध तुटण्याचा धोका जवळपास सातपट दिसला. इथून नऊ महिने हे वाक्य सगळीकडे पसरलं.

पण 2016 च्या त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो, आणि तो मैदानांपर्यंत पोचलेला नाही. ताकद आणि उड्यांच्या चाचण्यांत उत्तीर्ण होऊन परतलेल्यांपैकी 5.6 टक्के खेळाडूंचा गुडघा पुन्हा दुखावला. उत्तीर्ण न होता परतलेल्यांपैकी 38.2 टक्क्यांचा. संख्या लहान होती हे खरं. उत्तीर्ण होणारे अवघे अठरा होते, म्हणून या आकड्यांना अंतिम मानू नये. तरी दिशा स्पष्ट आहे. नऊ महिने ही किमान मर्यादा आहे, आणि तिच्यासोबत परीक्षा आहे. आपल्याकडे मर्यादा पोचली, परीक्षा गळाली. नऊ महिने झाले म्हणून मुलगा चढाईला उभा राहतो आणि त्याची दुखावलेल्या पायाची मांडी अजून दुसऱ्या मांडीपेक्षा डोळ्यांना दिसेल इतकी बारीक असते.

सहा महिन्यांचा आग्रह धरणाऱ्या पालकांना आणि प्रशिक्षकांना मी वेडं ठरवणार नाही. शालेय स्पर्धांचे गट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे. एक मोसम हुकला की मुलगी त्या गटातून कायमची बाहेर जाते. क्रीडा कोट्यातल्या नोकरीसाठी लागणारी प्रमाणपत्रं त्याच दोन-तीन वर्षांत मिळवायची असतात. 2014 मध्ये कबड्डीची व्यावसायिक लीग आली, 2022 मध्ये खो-खोचीही, आणि खेळ मातीवरून मॅटवर गेला. मॅटवर बुटाची पकड घट्ट बसते. वेग वाढतो, आणि अडकलेल्या पावलावर गुडघा वळण्याची भीतीही. थांबणं महाग पडतं हे कबूल. पण पंचविशीच्या आतल्या, खेळात परतलेल्या खेळाडूंत सुमारे 23 टक्के जणांचा त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यातला बंध तुटतो, असं 2016 च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. दुसऱ्या शस्त्रक्रियेने एकच मोसम जात नाही, कित्येकदा खेळच सुटतो.

चाचणीतही एक खाच आहे. रूढ निकष असा, की दुखावलेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या 90 टक्के तरी हवी. पण आठ-दहा महिने घरी बसून चांगला पायही दुबळा होतो. 2017 मध्ये याकडे नेमकं बोट ठेवलं गेलं : शस्त्रक्रियेआधी मोजलेल्या चांगल्या पायाशी तुलना केली, तर 90 टक्के गाठलेले अनेक जण प्रत्यक्षात मागेच होते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याआधीच चांगल्या पायाची ताकद मोजून लिहून ठेवा. हातात धरायचा डायनामोमीटर, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र, असलेला फिजिओ मिळाला तर उत्तम. नाही तर एका पायाने लेग प्रेसवर किती किलो ढकललं आणि एका पायावर किती लांब उडी गेली, एवढी नोंदही पुढे कामाला येते.

सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागते का, हाही प्रश्न मिटलेला नाही. 2010 मध्ये स्वीडनमधल्या 121 तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लगेच शस्त्रक्रिया, निम्म्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी दुसऱ्या गटातल्या 59 पैकी 30 जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती; बाकीच्यांना तिची गरज पडली नव्हती, आणि गुडघ्याच्या तक्रारींत दोन्ही गट सारखेच होते. त्यांच्या एमआरआय प्रतिमा अलीकडे पुन्हा पाहिल्या, तेव्हा निव्वळ व्यायामावर राहिलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणांत दोन वर्षांनी बंध जुळल्याची चिन्हं दिसली. एसीएल आपोआप जुळतच नाही, हा पक्का समज इथे ढिला झाला. तरी खो-खोत खांबाशी पोल डाइव्ह मारणाऱ्या किंवा कबड्डीत साखळीतून निसटणाऱ्या खेळाडूने हा निर्णय स्वतःच घेऊ नये.

परतणं म्हणजे एक तारीख नव्हे, तीन टप्पे आहेत, हे स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात मांडलं : आधी सरावात परतणं, मग सामन्यात, आणि सर्वांत शेवटी पूर्वीच्या तोडीचा खेळ. शेवटच्या टप्प्यापर्यंत सगळे पोचत नाहीत. 2014 च्या मोठ्या पाहणीत 81 टक्के कुठल्या ना कुठल्या खेळात परतले, 65 टक्के पूर्वीच्या पातळीवर आणि 55 टक्के स्पर्धांमध्ये. मागे राहिलेल्यांपैकी अनेकांचा गुडघा धड होता, धीर नव्हता. या भीतीची मोजणी करणारी बारा प्रश्नांची पट्टी 2008 पासून उपलब्ध आहे. ती मराठीत किंवा गुजरातीत बसून विचारायला पंधरा मिनिटं पुरतात, आणि तरी आपल्या सराव-शिबिरांत ती विचारली गेलेली मी क्वचितच पाहिली आहे. स्पर्धेच्या अर्जाला वयाचा दाखला जोडावा लागतो. शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूने त्याच्यासोबत मांडीच्या ताकदीचा आणि उड्यांचा एक कागद जोडावा, एवढा बदल कुठलाही संघ येत्या मोसमापासून स्वतःपुरता करू शकतो.