छोट्या पिस्तुलावरची नावापुरती माशी

खिशात किंवा शर्टाखाली लपून राहील अशा पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर नेमाचे भाग (साइट) अगदी बुटके ठेवलेले असतात, कधी कधी तर नसतातच, त्याला मिनिमल साइट म्हणतात. नळीच्या टोकावरचा उंचवटा म्हंजे माशी आणि मागची खाच म्हंजे बॅकसाइट, एनसीसी केलेल्यांना किंवा सोरेगावच्या एसआरपीत कुणी नातेवाईक असलेल्यांना हे शब्द नवे नाहीत. खाचेच्या मधोमध माशी दिसली, दोन्हीकडं सारखा उजेड राहिला आणि वरची कड एका रेषेत आली की शिस्त बसली, म्हंजे नेम लागला. मोठ्या पिस्तुलावर हे लांबूनही दिसतं, छोट्यावर माशी ज्वारीच्या दाण्याएवढी आणि खाच म्हंजे स्लाइडवर (पिस्तुलाचा वरचा, मागंपुढं सरकणारा भाग) कानशीनं ओढल्यासारखी रेघ.

असं का, तर कापड. किल्ल्यांचा जुडगा घाईत खिशातून काढताना दात कसा आतल्या दोऱ्यात अडकतो ते सगळ्यांना माहितीये, आणि सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या कुणालाही विचारा, खिशाच्या आत ओव्हरलॉकचे दोरे लोंबतच असतात. टोकदार माशी तिथंच अडकते. म्हणून कडा गोल करायच्या, उंची कमी करायची, माशीला मागच्या बाजूनं उतार द्यायचा. दुसरं कारण म्हंजे उठाव, कारण मे महिन्यात पारा 42-43 वर गेल्यावर अंगात पातळ सुती शर्टच असतो आणि त्याखाली जरा काही वर आलं की चार लोकांच्या नजरेत येतं.

ही कल्पना जुनीच आहे. जॉन ब्राउनिंगनं डिझाइन केलेल्या कोल्ट 1903 पॉकेट हॅमरलेसवर माशी नावालाच होती, घोडा (हॅमर) पण आत झाकलेला. त्याच्याच एफएन 1910 मध्ये स्लाइडच्या माथ्यावर एक लांब चर पाडून साइट त्यात बसवली, म्हंजे वर काही आलंच नाही (1914 ला साराजेव्होत आर्चड्यूक फर्डिनांडवर गोळी झाडली गेली ती याच मॉडेलमधून). छोट्या नळीच्या रिव्हॉल्व्हरवर मागची खाच वेगळी नसतेच, वरच्या पट्टीत पन्हाळ कोरलेली असते. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या पॅरिस थिओडोरनं स्मिथ अँड वेसन मॉडेल 39 कापून-छाटून एएसपी नावाचं छोटं पिस्तूल बनवलं, त्यावर माशीच नाही, फक्त पुढं निमुळती होत जाणारी पिवळ्या भिंतींची पन्हाळ, तिन्ही भिंती सारख्या दिसल्या की नेम बरोबर. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात हीच एक खरी डोक्यालिटी. सीकँप कंपनीच्या .32 बोअरच्या पिस्तुलावर तर काहीच नाही, सरळ गुळगुळीत स्लाइड.

आता तोटा. माशी बुटकी असण्यापेक्षा माशी आणि खाच या दोन साइटमधलं अंतर कमी असणं जास्त नडतं आणि लोक नेमकं हेच विसरतात. हे अंतर 100 मिमी असेल आणि माशी 1 मिमी सरकली तर 10 मीटरवर गोळी 10 सेमी बाजूला जाते, अंतर 160 मिमी असेल तर तीच चूक साधारण 6 सेमीची. 3 मीटरवर मात्र छोट्या पिस्तुलातही फरक 3 सेमीच पडतो, म्हणून बनवणारे म्हणायचे की एवढ्या जवळून साइट बघतो कोण. पण बुटकी माशी डोळ्याला लवकर सापडत नाही हा त्रास वेगळाच, संध्याकाळच्या उजेडात काळ्यावर काळं, आणि चाळिशी लागलेल्याला तर नुसता धूसर ठिपका. कंपन्यांनाही हे कळलं असावं. रुगर कंपनीचं खिशातलं पिस्तूल एलसीपी 2008 ला आलं तेव्हा साइट स्लाइडमधूनच कोरलेली होती, बदलायची सोय नाही, आणि 2021 च्या एलसीपी मॅक्सवर नीट मोठी खाच आणि पुढं ट्रिटियमची, अंधारातही चमकणारी माशी आली. शिवाय आता साच्यातल्या होल्स्टरला (हत्याराच्या म्यानाला) माशीसाठी वेगळी खोबण असते, त्यामुळं अडकायची भीती उरली ती नुसत्या खिशात ठेवणाऱ्याला.

आपल्याकडं चित्र जरा वेगळं. 9 मिमी प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हंजे साध्या लायसनवर न मिळणाऱ्या मापात जातं, त्यामुळं साध्या लायसनवाल्याचं बहुतेक .32 वरच भागतं, इशापूरचं अशनी पिस्तूल किंवा 2014 ला आलेलं कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्व्हर. दोन्हीच्या साइट साध्या आणि फिक्स. लायसन सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालयाकडून आणि जिल्ह्यात कलेक्टरकडून मिळतं, 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि 2016 च्या नियमांप्रमाणं सार्वजनिक जागी हत्यार झाकलेलंच पाहिजे, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत कमरेला चमकवत फिरायची सोय नाही. वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत आत किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, तिथं साइट कशी होती हे कुणी विचारत नाय बे.

फिक्स साइटवर लोकांनी काढलेला तोडगा स्वस्तातला आहे, नेलपेंट. हत्यार रिकामं करून, दोनदा तपासून, माशीवरचं तेल स्पिरिटनं पुसायचं, आधी पांढरा कोट, वाळल्यावर वर नारिंगी. खाच तशीच काळी ठेवायची, दोन्ही रंगवलं की परत पहिल्यासारखंच होतं. साफसफाईच्या सॉल्व्हंटनं रंग निघतो, मग परत लावायचा.