ओर्से संग्रहालय

पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या काठावर असलेले कलासंग्रहालय. १८४८ ते १९१४ या काळातील कलेचा, त्यातही दृक्‌प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट) चित्रांचा, फार मोठा संग्रह येथे आहे. ही वास्तू मुळात रेल्वेस्थानक म्हणून बांधली गेली.

या जागेवरचा ओर्से राजवाडा १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहरातील अल्पजीवी क्रांतिकारी राजवटीच्या, धामधुमीत जळाला. पुढे १९०० च्या जागतिक प्रदर्शनानिमित्त रेल्वे कंपनीने तेथे स्थानक उभारले. पलीकडच्या काठावर लूव्ह्र, आजूबाजूला उमरावांचे वाडे. अशा वस्तीत लोखंडी सांगाडा उघडा ठेवून चालणार नव्हते. वास्तुशिल्पी व्हिक्तोर लालू यांनी तो दगडी दर्शनी भिंतीआड दडवला. गाड्या विजेवर धावणार असल्याने धुराचा प्रश्न नव्हता, म्हणूनच हे जमले. हे स्थानक कलाप्रासादासारखे आणि कलाप्रासाद स्थानकासारखा दिसतो, तेव्हा दोन्हींची अदलाबदल करावी, अशी थट्टा चित्रकार एदुआर देताय यांनी त्याच वेळी केली होती.

एवढा थाट करूनही फलाट आखूडच पडले. गाड्या लांबत गेल्या आणि १९३९ पासून येथे फक्त उपनगरी गाड्या उरल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथून युद्धकैद्यांना पार्सले जात. १९४५ मध्ये सुटून आलेल्या कैद्यांची व्यवस्था येथेच झाली. नंतर कधी चित्रीकरण, कधी नाटके, कधी लिलाव. मोठे हॉटेल बांधण्यासाठी इमारत पाडायचेही ठरत आले होते. ती वाचली याचे बरेचसे श्रेय दुसऱ्या एका पाडकामाला द्यावे लागते: पॅरिसमधील ‘ले आल’ बाजाराचे जुने लोखंडी मंडप १९७१ मध्ये पाडायला घेतले, तेव्हा लोक हळहळले आणि एकोणिसाव्या शतकातील बांधकामांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९७३ मध्ये ओर्सेला वारसा यादीत स्थान मिळाले, १९७७ मध्ये संग्रहालयाचा निर्णय झाला आणि डिसेंबर १९८६ मध्ये ते खुले झाले.

अंतर्गत रचना इटालियन वास्तुशिल्पी गाए औलेंती यांची. सुमारे १३८ मी. लांब आणि ३२ मी. उंच दालनात, पूर्वी रूळ होते त्याच दिशेने शिल्पे मांडली आहेत. दोन्ही बाजूंची दगडी दालने जड वाटतात, ही टीका अगदीच अनाठायी नाही. वरच्या मजल्यावर मात्र छतातून नैसर्गिक उजेड येतो. दृक्‌प्रत्ययवादी चित्रे तेथे लावली आहेत. तेथील भल्यामोठ्या घड्याळाच्या काचेतून, उलट्या दिसणाऱ्या आकड्यांमधून, नदीपलीकडचे पॅरिस दिसते. क्लोद मोने यांचे धुराने भरलेल्या सें-लाझार स्थानकाचे चित्रही (१८७७) याच संग्रहात आहे. तळघराच्या पातळीवरून उपनगरी गाड्या अजून धावतात.