दोनशे डॉलरचा कर आणि गोठलेली नोंदवही

अमेरिकेत एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या तिजोरीत चालू स्थितीतली मशीनगन असू शकते, आणि तीही पूर्णपणे कायदेशीर. भारतात 1959च्या शस्त्र अधिनियमानुसार स्वयंचलित बंदूक निषिद्ध शस्त्रांत मोडते, त्यामुळे आपल्याला हे पटायला जड जातं. तिथेही ती सहज मिळत नाही. बंदूक 19 मे 1986पूर्वी केंद्राच्या नोंदवहीत चढलेली हवी, राज्याच्या कायद्याची आडकाठी नको आणि खिसा चांगलाच भरलेला हवा. या अटी एका वेळी ठरलेल्या नाहीत. 1934, 1968 आणि 1986 या तीन सालांत त्या एकावर एक चढत गेल्या.

सुरुवात दारूबंदीच्या काळातली. जॉन थॉम्पसन यांची सबमशीनगन, म्हणजे हातात धरून चालवायची छोटी मशीनगन, पहिल्या महायुद्धातल्या खंदकांसाठी कल्पिली गेली होती, पण ती तयार होईपर्यंत युद्ध संपलं. कोल्ट कारखान्याने 15,000 बंदुका बनवल्या. लष्कराकडून मोठी मागणी आली नाही, तेव्हा त्या खुल्या बाजारात विकल्या गेल्या. 14 फेब्रुवारी 1929 रोजी शिकागोत टोळीयुद्धात सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं, त्यातही थॉम्पसन वापरली गेली. अशा घटनांनी जनमत तापलं. रूझवेल्ट सरकारचे अॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांच्यापुढे अडचण अशी होती, की सरसकट बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला आहे का, याचीच खात्री नव्हती. कर लावण्याचा अधिकार मात्र निर्विवाद होता. म्हणून 26 जून 1934च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याने बंदी घातली नाही. मशीनगनसारख्या ठरावीक शस्त्रांची नोंदणी सक्तीची केली आणि प्रत्येक हस्तांतरावर 200 डॉलर कर बसवला. नव्या थॉम्पसनची किंमतही साधारण तेवढीच होती. सर्वोच्च न्यायालयाने 1937मध्ये, सोन्झिन्स्की खटल्यात, याच कायद्यातला विक्रेत्यांवरचा वार्षिक कर वैध ठरवला.

आखूड नळीची रायफल या कायद्यातल्या शस्त्रांच्या यादीत कशी आली, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. मूळ विधेयकात पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती. ती धरली, तर लोक रायफलची नळी कापून अंगरख्याखाली लपवतील, म्हणून आखूड रायफल आणि शॉटगनही त्यात घातल्या. पुढे विरोध झाला आणि पिस्तुलं वगळली गेली. पळवाट बुजवण्यासाठी घातलेलं कलम मात्र तसंच राहिलं. खिशात मावणारं पिस्तूल कायद्याबाहेर आणि नळी इंचभर कमी असलेली रायफल कायद्याच्या कचाट्यात, हा प्रकार तिथून आला. रायफलसाठी 18 इंचांची मर्यादा 1960मध्ये 16 इंचांवर आणली गेली, कारण सरकारनेच नागरिकांना विकलेल्या युद्धकालीन कार्बाइन या हलक्या रायफलची नळी 18 इंचांना किंचित कमी भरत होती.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी जर्मन आणि जपानी स्वयंचलित बंदुका आठवण म्हणून घरी आणल्या. पुढे नळी वितळजोडाने बंद केलेल्या बंदुका ‘डीवॅट’ या नावाने शोभेच्या वस्तू म्हणून विकल्या गेल्या. सरकार त्यांना मशीनगन मानत नव्हतं. 1968मध्ये चित्र बदललं. हेन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की बेकायदा बाळगलेली बंदूक नोंदवायला लावणं म्हणजे माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं. संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला. नोंदणीतली माहिती नोंदवणाऱ्यावरच उलटणार नाही, अशी तजवीज झाली. पण बंदुकीचा नुसता सांगाडाही मशीनगन ठरला. त्यामुळे डीवॅटही जाळ्यात आले. सर्वांना माफी देऊन नोंदणीची एकच संधी मिळाली: 2 नोव्हेंबर ते 1 डिसेंबर 1968.

हे तीस दिवस कित्येकांना कळलेच नाहीत. आजही एखाद्या सैनिकाच्या माळ्यावरच्या पेटीत एमपी-40 ही जर्मन सबमशीनगन सापडते, आणि वारसांना ती नोंदवायचा मार्ग नसतो. पोलिसांकडे किंवा सरकारी संग्रहालयाकडे सोपवणं एवढंच उरतं. ठेवली तर दहा वर्षांपर्यंत कैद. अनेक बंदुका अशाच वितळवल्या गेल्या. पुन्हा माफीची मुदत जाहीर करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण 1968नंतर ती एकदाही वापरली गेली नाही. ती वापरावी, असं मला मनापासून वाटतं. युद्धातून आलेली वस्तू तिच्या कागदपत्रांसह आणि घरच्यांच्या आठवणींसह टिकली, तर तो इतिहासाचा दस्तऐवज आहे.

1986चा कायदा खरं तर बंदूकधारकांच्या बाजूचा होता. त्यात न्यू जर्सीचे खासदार विल्यम ह्यूज यांची, नव्या मशीनगन नागरिकांना बंद करणारी दुरुस्ती आवाजी मतदानाने शिरली. त्या मतदानाचा वाद अजून शमलेला नाही. रेगन यांनी 19 मेला सही केली आणि नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंद बंद झाली. सहीआधीच्या आठवड्यांत कारखान्यांनी घाईघाईने शक्य तेवढे सांगाडे नोंदवून घेतले. हस्तांतर करता येण्याजोग्या बंदुका आता सुमारे पावणेदोन लाख आहेत आणि त्यांत भर पडणार नाही. एकेकाळी काही शे डॉलरला मिळणारी एम-16 ही लष्करी स्वयंचलित रायफल आज तीस हजारांच्या पुढे जाते. बोटांचे ठसे, छायाचित्र, पार्श्वभूमीची तपासणी हे सारं करून झालं, तरी खरा अडसर किमतीचाच.

आखूड रायफलला ही गोठवणूक लागू नाही. परवानगी घेऊन ती आजही नव्याने बनवता येते, आणि 1 जानेवारी 2026पासून तिच्यावरचा कर शून्य झाला आहे. मशीनगनवर मात्र 1934चेच 200 डॉलर कायम आहेत. कर गेला, नोंदणी राहिली. ज्या कायद्याला 1937मध्ये कर म्हणून मान्यता मिळाली, त्यातला करच शून्य झाल्यावर नोंदणीची सक्ती कशाच्या आधारावर उभी राहते, हा प्रश्न घेऊन अनेक जण न्यायालयात गेले आहेत.