वसंत निवडणूक, विस्कॉन्सिन

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी होणारी निवडणूक. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव असते, पक्षाचे नसते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे, अपील न्यायालयाचे आणि खटले प्रथम ऐकणाऱ्या सर्किट न्यायालयांचे न्यायाधीश, राज्याचा सार्वजनिक शिक्षणप्रमुख, काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे) कार्यकारी प्रमुख व काउंटी बोर्डाचे सदस्य, महापौर, नगरसेवक, शाळा मंडळांचे सदस्य आणि ‘टाऊन’ म्हणवणाऱ्या ग्रामीण वस्त्यांचे कारभारी या निवडणुकीतून येतात. मुदती वेगवेगळ्या असल्याने सगळी पदे एका वर्षी येत नाहीत, पण एकही एप्रिल कोरा जात नाही. गव्हर्नर, आमदार, शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) आणि सरकारी वकील मात्र नोव्हेंबरमध्ये, पक्षाच्या नावावर निवडले जातात. इलिनॉय आणि मिझुरीत किंवा अलास्कातल्या अँकरेज शहरातही स्थानिक निवडणुका एप्रिलमध्ये होतात. विस्कॉन्सिनचे वेगळेपण हे, की तिथे राज्याच्या सर्वोच्च न्यायासनाचा निकालही याच मतपत्रिकेवर लागतो.

भारतीय वाचकाला न्यायाधीशाने मते मागत दारोदार फिरणे ही कल्पनाच आधी पचनी पडत नाही. आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि नावे न्यायवृंद सुचवतो. मतदार त्यात कुठेच नसतो. अमेरिकेत केंद्रीय न्यायाधीशांची नेमणूक होते, पण बहुसंख्य राज्यांत राज्याच्या न्यायाधीशांना कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर मतदारांसमोर जावेच लागते. पक्षाविना निवडणूक मात्र आपल्याला परकी नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, आणि तरी कोणते पॅनेल कोणाचे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. विस्कॉन्सिनचे चित्र आज जवळपास असेच आहे.

इतिहास : विस्कॉन्सिन 1848 मध्ये राज्य झाले. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने न्यायाधीश लोकांनी निवडावेत असे ठरवले आणि सोबत एक कुंपणही घातले. राज्य आणि काउंटीच्या अधिकाऱ्यांच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशी, किंवा तिच्या आधी-नंतर 30 दिवसांच्या आत, न्यायाधीशाची निवडणूक घ्यायची नाही. पक्षांच्या धुमाळीत न्यायाधीश ओढला जाऊ नये, हा हेतू. ही तरतूद शब्दांच्या थोड्या फरकाने आजही घटनेत आहे आणि एप्रिलच्या तारखेचे मूळ तीच आहे. पुढे 1902 च्या घटनादुरुस्तीने शिक्षणप्रमुखाचे पदही न्यायाधीशांच्या निवडणुकीला जोडले गेले. मुलांच्या शाळा आणि न्यायालये या दोन गोष्टी पक्षांच्या हातून काढून एका दिवशी ठेवाव्यात असे त्या पिढीला वाटले, ही या राज्याच्या इतिहासातली मोलाची गोष्ट आहे.

कुंपण घातले तरी राजकारण बाहेर थांबले नाही. 1854 मध्ये गुलामगिरीतून पळून आलेल्या जोशुआ ग्लोव्हरला मिल्वॉकी शहराच्या तुरुंगातून लोकांनी सोडवले. त्या जमावाला चिथावल्याबद्दल संपादक शर्मन बूथवर खटला झाला, आणि पळालेल्या गुलामांना परत धाडण्याचा केंद्रीय कायदाच घटनाबाह्य आहे असे विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्या निर्णयाशी असहमती नोंदवणारे न्यायमूर्ती सॅम्युएल क्रॉफर्ड पुढच्याच वसंतात, 1855 मध्ये, ऑर्सामस कोल यांच्याकडून पराभूत झाले. मार्च 1859 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनचा निर्णय फिरवला. एप्रिलमध्ये मतदारांनी बूथचे वकील बायरन पेन यांनाच राज्याच्या न्यायपीठावर बसवले. न्यायालयीन निवडणूक हे देशाच्या सर्वांत जळत्या प्रश्नावरचे सार्वमत होऊ शकते, हे राज्याला पहिल्या दशकातच कळले होते. अलीकडच्या लढतींना ‘अभूतपूर्व’ म्हणणाऱ्यांनी 1855 आणि 1859 ही दोन वर्षे विसरू नयेत.

शहरांच्या बाबतीत पक्षाचे नाव पुसण्यामागे वेगळे कारण होते. एप्रिल 1910 मध्ये मिल्वॉकीने एमिल सायडल यांना महापौर केले. मोठ्या अमेरिकी शहराचे ते पहिले समाजवादी महापौर. 1912 मध्ये डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन एकत्र आले आणि त्यांनी सायडल यांना पाडले. महापालिका निवडणुका पक्षविरहित करण्याचा कायदाही त्याच सुमारास आला, आणि समाजवाद्यांना रोखणे हा त्यामागचा उघड हेतू होता. तो फारसा साधला नाही. डॅनियल होन हे समाजवादी नेते 1916 ते 1940 अशी सलग 24 वर्षे महापौर राहिले, आणि 1948 ते 1960 या काळात फ्रँक झीडलर. मतपत्रिकेवर पक्ष नव्हता, मतदाराच्या डोक्यात होता.

कार्यपद्धती : उमेदवारीची धावपळ डिसेंबरात सुरू होते. 1 डिसेंबरपासून सह्या गोळा करता येतात. राज्यव्यापी पदासाठी किमान 2,000 आणि कमाल 4,000 सह्या लागतात आणि त्या जानेवारीच्या पहिल्या मंगळवारपर्यंत पोहोचवाव्या लागतात. एका जागेसाठी दोनपेक्षा जास्त उमेदवार असतील, तरच फेब्रुवारीच्या तिसऱ्या मंगळवारी प्राथमिक फेरी होते आणि पहिले दोघे एप्रिलमध्ये समोरासमोर येतात. नाव वसंताचे असले तरी विस्कॉन्सिनच्या फेब्रुवारीत वसंताचा मागमूस नसतो. सह्यांसाठी दारोदार फिरणारे बर्फातून फिरतात, आणि एप्रिलच्या मतदानालाही पुष्कळदा अंगात जाड कोट असतोच. काही टाऊन आणि ‘व्हिलेज’ म्हणवणाऱ्या छोट्या गावांमध्ये सह्यांऐवजी जानेवारीत गावसभा भरते आणि जमलेले मतदार तिथेच उमेदवारांची नावे ठरवतात.

हा सारा डोलारा उचलतो तो स्थानिक क्लार्क. राज्यात 72 काउंट्या आणि सुमारे 1,850 शहरे, व्हिलेज व टाऊन आहेत, आणि प्रत्येकाचा क्लार्क आपापल्या हद्दीतली निवडणूक स्वतः घेतो. मतदारयादी, टपाली मतपत्रिका, मतदान केंद्रावरची माणसे, सगळे त्याच्याकडे. छोट्या टाऊनमध्ये हे काम अर्धवेळ असते. कित्येकदा कुत्र्यांचे परवाने देणारी व्यक्तीच सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीच्या मतपत्रिका पाकिटात भरते. केंद्रे सकाळी 7 ला उघडतात आणि रात्री 8 ला बंद होतात. मतदार म्हणून नाव त्याच दिवशी, केंद्रावरच नोंदवता येते. स्थानिक पदासाठी दोघांना सारखी मते पडली तर निकाल चिठ्ठी टाकून लागतो. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागाचा निकाल असाच चिठ्ठीने लागला होता, तेव्हा या तरतुदीचे मराठी वाचकाला नवल वाटायला नको.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात 7 न्यायमूर्ती असतात, मुदत 10 वर्षांची, आणि एका वर्षी एकाच जागेची निवडणूक घेता येते. अपील आणि सर्किट न्यायाधीशांची मुदत 6 वर्षे. मधेच जागा रिकामी झाली तर गव्हर्नर नेमणूक करतो, आणि ज्या एप्रिलमध्ये दुसऱ्या न्यायमूर्तींची निवडणूक नसेल त्याच एप्रिलमध्ये त्या नेमणुकीला मतदारांची परीक्षा द्यावी लागते. म्हणून नेमलेली व्यक्ती कित्येकदा काही वर्षे मतदारांसमोर न येता बसू शकते. डॅनियल केली 2016 मध्ये नेमले गेले आणि 2020 मध्ये मतदारांसमोर आले. सरन्यायाधीशपद पूर्वी ज्येष्ठतेने मिळत असे. एप्रिल 2015 च्या घटनादुरुस्तीने ते न्यायमूर्तींच्या बहुमतावर सोपवले आणि 1996 पासून त्या पदावर असलेल्या शर्ली अब्राहमसन यांना ते सोडावे लागले. 1976 मध्ये या न्यायालयात आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

पदावरचे न्यायमूर्ती सहसा हरत नसत. 1967 मध्ये सरन्यायाधीश जॉर्ज करी हरले, त्याचे एक कारण बेसबॉल हे सांगतात. मिल्वॉकीचा ब्रेव्ह्ज संघ अटलांटाला जाण्याविरुद्ध राज्याने लढवलेला खटला न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी फेटाळला होता आणि करी बहुमतात होते. त्यानंतर थेट 2008 मध्ये लुई बटलर हरले. या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती होते. तिथून पुढे प्रत्येक लढत पक्षांची झाली.

एप्रिल 2011 हे वर्ष तर राज्य विसरणार नाही. रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी सरकारी कर्मचारी संघटनांच्या वाटाघाटीच्या हक्कांवर घाव घातल्याने राजधानी मॅडिसनच्या विधानभवनात आंदोलकांचा मुक्काम पडला होता. त्या रागाच्या भरात पदावरचे पुराणमतवादी न्यायमूर्ती डेव्हिड प्रॉसर विरुद्ध उदारमतवाद्यांचा पाठिंबा असलेल्या जोअॅन क्लॉपेनबर्ग ही निवडणूक झाली. पहिल्या अनधिकृत मोजणीत क्लॉपेनबर्ग 204 मतांनी पुढे होत्या. दोन दिवसांनी वॉकेशा काउंटीतून बातमी आली, की ब्रुकफील्ड शहराची 14 हजारांहून जास्त मते प्रसारमाध्यमांना दिलेल्या आकड्यांत धरलीच गेली नव्हती. राज्यभर फेरमोजणी झाली आणि प्रॉसर सुमारे सात हजार मतांनी विजयी ठरले. 2019 मध्ये सुमारे 12 लाख मतांत पुराणमतवादी ब्रायन हेजडॉर्न सहा हजारांच्या आसपास मतांनी जिंकले.

पण मतदारांनी खरी किंमत मोजली ती 7 एप्रिल 2020 ला. करोनाची साथ सुरू झाली होती. गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी आदल्या दिवशी प्रत्यक्ष मतदान पुढे ढकलण्याचा आदेश काढला; राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो काही तासांत रद्द केला. त्याच संध्याकाळी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवले, की टपाली मतपत्रिकेवर 7 एप्रिलपर्यंतचा शिक्का हवाच. ज्यांना मतपत्रिका मिळालीच नव्हती, त्यांना घराबाहेर पडण्यावाचून मार्ग उरला नाही. मिल्वॉकीत एरवी 180 केंद्रे असतात, त्या दिवशी फक्त 5 उघडली. ग्रीन बेमध्ये 31 ऐवजी 2. मुखपट्टी लावलेली माणसे सहा-सहा फूट अंतर ठेवून तासन्‌तास रांगेत उभी होती. त्या रांगा पाहिलेल्या कोणालाही ‘एप्रिलची निवडणूक किरकोळ’ असे म्हणवणार नाही. निकाल 13 एप्रिलला लागला आणि उदारमतवादी जिल कारोफ्स्की यांनी पुराणमतवादी केलींना हरवले.

2023 मध्ये केली पुन्हा उभे राहिले आणि उदारमतवादी जॅनेट प्रोटासेविच यांच्याकडून 11 टक्क्यांच्या फरकाने हरले. न्यायालयात 15 वर्षांनी उदारमतवाद्यांचे बहुमत झाले. त्याचे परिणाम लगेच दिसले: डिसेंबर 2023 मध्ये विधिमंडळाचे मतदारसंघ-नकाशे 4 विरुद्ध 3 मतांनी रद्द झाले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नवे नकाशे कायद्यात आले. 1 एप्रिल 2025 च्या लढतीत उदारमतवादी सुसान क्रॉफर्ड यांनी पुराणमतवादी ब्रॅड शिमेल यांना सुमारे 10 टक्क्यांनी हरवले. 23 लाखांहून अधिक मते पडली आणि खर्च सुमारे 10 कोटी डॉलरपर्यंत गेला, अमेरिकेतल्या कोणत्याही न्यायालयीन निवडणुकीत आजवर न झालेला. शिमेल यांच्या बाजूने उद्योगपती एलॉन मस्क आणि त्यांच्या संघटनांनी 2 कोटी डॉलरहून जास्त ओतले. मतदानाच्या दोन दिवस आधी ग्रीन बेच्या सभेत मस्क यांनी दोन मतदारांना प्रत्येकी 10 लाख डॉलरचे धनादेश दिले. राजकीय पक्षांना अमर्याद देणग्या घेऊन त्या उमेदवाराकडे वळवण्याची मुभा 2015 च्या कायद्याने दिली, ही या पुराची मोठी वाट आहे. जिथे पक्षाचे नाव लिहायलाही मनाई, तिथे पक्षांच्या तिजोऱ्या उघडतात. 1848 च्या कुंपणाला पडलेले हे सर्वांत मोठे खिंडार.

घटनादुरुस्त्याही पुष्कळदा याच दिवशी मतदारांसमोर येतात. राज्याच्या खजिनदाराचे पद रद्द करण्याचा प्रस्ताव एप्रिल 2018 मध्ये लोकांनी फेटाळला. मतदानासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र घटनेत घालण्याचा प्रस्ताव एप्रिल 2025 मध्ये मंजूर केला. शाळांना ठरलेल्या मर्यादेपलीकडे कर घ्यायचा असला तर तोही प्रश्न पुष्कळदा इथेच विचारला जातो. एप्रिल 2024 मध्ये मिल्वॉकीच्या सार्वजनिक शाळांचा 25 कोटी 20 लाख डॉलरचा प्रस्ताव अगदी थोडक्या फरकाने संमत झाला. शिक्षणप्रमुखपदाचे वजनही कमी नाही: एव्हर्स स्वतः 2009 पासून त्या पदावर होते आणि तिथूनच 2019 मध्ये गव्हर्नर झाले.

मोठ्या लढतीच्या गदारोळात मतपत्रिकेचा खालचा भाग झाकला जातो. तिथली सर्किट न्यायाधीशांची नावे कित्येकदा बिनविरोध असतात, आणि खाली काउंटी बोर्ड, शाळा मंडळ आणि टाऊनचा अध्यक्ष. घराचा मालमत्ता कर, रस्त्यावरचा बर्फ कधी निघणार, घटस्फोटात मूल कोणाकडे राहणार, हे ठरवणारी माणसे ती. टाऊनमध्ये तर मतदानानंतर दोनच आठवड्यांनी, एप्रिलच्या तिसऱ्या मंगळवारी, वार्षिक सभा भरते. तिथे टाऊनचे मतदार सभागृहात बसून स्वतःच ठराव मांडतात आणि टाऊनच्या करासारख्या प्रश्नांवर स्वतःच मत देतात.