हुकुमचंद मिलची साडेबेचाळीस एकर आणि कापडावर पोसलेले इंदूर

इंदूरच्या हुकुमचंद मिल या बंद पडलेल्या कापड गिरणीच्या साडेबेचाळीस एकरांवर काय उभे राहावे, यावर सध्या शहरात दोन तट आहेत. एका बाजूला घरे आणि दुकाने बांधण्याची योजना आहे. दुसऱ्या बाजूला, मिल बंद पडल्यापासून तिथे आपोआप वाढलेले दाट रान वाचवा म्हणणारे नागरिक आहेत. या वादाची मुळे मिलच्या जन्मापेक्षा तिच्या बंद होण्यात अधिक आहेत, म्हणून जुना इतिहास इथे थोडक्यात.

रेल्वेसाठी होळकर दरबाराने इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीने दिले आणि 1870च्या दशकाच्या अखेरीस खंडवा-इंदूर गाडी सुरू झाली. दरबाराची स्वतःची कापड गिरणीही त्याच सुमाराची. सराफ्यातला, म्हणजे सावकारी पेढ्यांच्या बाजारातला, मोठा पैसा मात्र तोवर अफूत होता. चीनला जाणारी अफू 1907च्या करारानंतर घटत गेली आणि 1913मध्ये थांबली, तसा तो पैसा कापसाकडे वळला. 1909 ते 1925च्या दरम्यान मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार आणि भंडारी या गिरण्या उभ्या राहिल्या. म्हणजे एका मालावरचे अवलंबन सुटता सुटता दुसऱ्या मालावरचे सुरू झाले.

यात एक तांत्रिक अडचण सुरुवातीपासून होती. खंडवा-इंदूर मार्ग मीटरगेज, मुंबईहून येणारा ब्रॉडगेज. कोळसा, यंत्रे, रंग, सगळे खंडव्याला उतरवून पुन्हा भरावे लागे. शिवाय माळव्याची हवा कोरडी. कताईखात्यात आर्द्रता पुरेशी नसली की सूत ताठ होते, तुटते, आणि तुटलेले धागे जोडण्यात वेळ जातो. उन्हाळ्यात ही आर्द्रता राखायला पाणी लागे, आणि इंदुरात पाण्याची टंचाई कायमची. नर्मदेकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर नळाने नर्मदा आली ती 1970च्या दशकाच्या शेवटी. तोपर्यंत गिरण्यांची यंत्रे म्हातारी झाली होती.

पुढचा क्रम कापड धंद्यात सगळीकडे दिसतो तोच. नफा यंत्रांत परत गेला नाही. यंत्रमागाचे कापड स्वस्त पडू लागले, आणि यंत्रमागांचे बुरहानपूर तर जवळच. मग बँकेच्या कर्जाची मर्यादा संपली, हंगामात कापूस घेता आला नाही, कापसाच्या गाठी नाहीत म्हणून सूत कातणाऱ्या चात्या बंद आणि सूत नाही म्हणून माग बंद. गैरहजरांच्या जागी येणाऱ्या बदली कामगारांना सर्वांत आधी घरी बसवले गेले. पगार लांबला की परदेशीपुरा, पाटणीपुरा आणि नंदानगरच्या किराणा दुकानांतली उधारी फुगे, कारण त्या वस्त्यांचा सारा बाजार मिलच्या पगाराच्या तारखेवर चाले. काही आजारी गिरण्या 1974च्या कायद्याने केंद्राच्या ताब्यात गेल्या. हुकुमचंद खासगीच राहिली आणि डिसेंबर 1991मध्ये बंद पडली. कामगार 5,895.

कारखाना बंद पडणे आणि कायद्याने बंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथले हाल या फरकातून झाले. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला बंद करायला सरकारची परवानगी लागे. परवानगीच्या वाटेला न जाता काम थांबले, की कामगार धड नोकरीत नाही आणि धड मोकळाही नाही. ग्रॅच्युइटी, थकीत वेतन, भरपाई असे सगळेच दावे लटकतात. पुढे कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवायचे काम अवसायकाकडे गेले. कंपनी कायद्यात 1985मध्ये घातलेल्या 529-अ कलमाने कामगारांची देणी आणि तारण असलेल्या बँकांची देणी एकाच पायरीवर, बाकी सगळ्यांच्या आधी. पण वाटायचे काय? भंगार विकून फार काही मिळत नाही, किंमत असते ती जमिनीला. आणि जमीन मुळात सरकारी आहे, कंपनीची नाही, हा महापालिकेचा व शासनाचा दावा. तो खरा ठरला तर अवसायकाच्या हाती विकायला काहीच उरत नाही. मालकीचा निवाडा नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून पैसे नाहीत.

न्यायालयाने 2007मध्ये कामगारांची देणी 229 कोटी ठरवली. त्यांतला थोडाच भाग हाती आला. उरलेली रक्कम, व्याज धरून सुमारे 224 कोटी, डिसेंबर 2023मध्ये सुटली, गृहनिर्माण मंडळाने जमीन घेऊन पैसे भरल्यावर. हा तोडगा 2007मध्येही शक्य होता: सरकारी संस्थेने आधी देणी चुकवावीत, मालकीचा वाद आपापसांत मिटवावा. तो न काढल्यामुळे कित्येक कामगारांच्या हाती हयातीत पैसे पडलेच नाहीत, ते त्यांच्या वारसांना मिळाले. जमीन शहराची म्हणून राखली हे योग्य झाले. तिची किंमत 32 वर्षे कामगारांनी मोजली, हे अयोग्य झाले.

एवढे होऊनही शहर खचले नाही, कारण इंदूर मिलच्या आधीपासून बाजारपेठ होते. सराफा होता, धान्य होते, नंतर सोयाबीन आले, शेजारच्या पीथमपूरला वाहनांचे कारखाने आले. पण साच्यावर, म्हणजे गिरणीच्या यंत्रावर, वीस वर्षे काढलेल्या माणसाला तिथे जागा नव्हती; भरती आयटीआय झालेल्या तरुणांची झाली. शहराची वाढ विजयनगर आणि बायपासकडे सरकली. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) मात्र मिलच्या नावानेच निघतात, आता सार्वजनिक संस्थांच्या पैशावर.

पूर्ण अर्थचक्र एका धंद्यावर असलेल्या वस्तीत धंदा गेला की मागे दोनच गोष्टी उरतात: माणसे आणि जमीन. माणसांचा हिशेब उशिरा झाला. जमिनीचा अजून बाकी आहे. गृहनिर्माण मंडळाला स्वतः भरलेले पैसे वसूल करायचे आहेत, म्हणून बांधकाम दाट होणार हे उघड आहे. आराखड्यात पाणी मुरायला जागा, झाडांचा सलग पट्टा आणि परदेशीपुऱ्याकडून येण्याजाण्याचे रस्ते किती राहतात, हे मंजुरीपूर्वी एकरांत लिहून मागायला हवे.