ग्रीक सिनेमातलं युद्ध: जर्मनांवर बोला, आपसातलं नको

ग्रीसमधल्या वॉर फिल्म्स बघायच्या तर आधी हे माहीत हवं की तिथं युद्ध एक नव्हतंच. ऑक्टोबर १९४० मध्ये इटलीने हल्ला केला, एप्रिल १९४१ मध्ये जर्मन घुसले, त्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसं भुकेने रस्त्यात मेली, आणि १९४४ मध्ये जर्मन गेले तर डिसेंबरातच राजधानीत आपसात गोळीबार सुरू, मग १९४६ ते ४९ उघड यादवी. त्यात डावे, म्हणजे कम्युनिस्ट गट, हरले, हजारो लोक माक्रोनिसोससारख्या बेटांवर छावण्यांत डांबले गेले.

परक्यांविरुद्धच्या युद्धावर पिक्चर काढायला कुणाची ना नव्हती. उलट १९६७ ते ७४ च्या लष्करी राजवटीत तर असल्या देशभक्तीपटांची चलतीच होती, १९७० चा 'इपोलोहागोस नाताशा' तुफान चालला. यादवीवर मात्र अळीमिळी गुपचिळी. सरकारदरबारी तिला यादवी म्हणायलाच १९८९ उजाडलं!

म्हणून दिग्दर्शक थिओ अँजेलोपूलोसची कमाल वाटते. डिसेंबर १९४४ मध्ये त्याच्या वडिलांना डाव्यांनीच उचलून नेलेलं, आई आणि हा पोरगा प्रेतांमध्ये त्यांना शोधत फिरले, वडील पुढे जिवंत परत आले. आणि हाच माणूस १९७४ मध्ये, राजवट अजून डोक्यावर असताना, ओरेस्तीसची (बापाच्या खुनाचा सूड आई आणि तिच्या याराला मारून घेणाऱ्या पोराची) पुराणकथा करतोय असं सांगून 'ओ थिआसोस' या पिक्चरचं शूटिंग सुरू करतो. जवळपास चार तास, १९३९ ते ५२, गावोगाव फिरणारी एक नाटक कंपनी, जिचा प्रयोग काही केल्या पुरा होत नाही. बापाला जर्मनांच्या हवाली करणारा घरभेदी निघतो आईचा यार, मुलगा दोघांना चालू नाटकात स्टेजवरच गोळ्या घालतो आणि पब्लिक टाळ्या वाजवतं, त्यांना वाटतं नाटकच चाललंय. एका शॉटमध्ये तर उजव्या गटाची माणसं १९४६ च्या न्यू इयर पार्टीतून गात बाहेर पडतात आणि चालता चालता, कट न घेता, १९५२ च्या प्रचारसभेत पोचतात. तेवढ्यात सहा वर्षं गेली, कोण जिंकलं तेही कळलं. १९७५ ला राजवट गेलेली असूनही सरकारने हा पिक्चर फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला अधिकृत पाठवायला नकारच दिला, तरी तिथं समांतर विभागात दाखवला गेला आणि समीक्षकांचं अवॉर्ड घेऊन आला.

नंतर वाट मोकळी झाली. दिग्दर्शक पांतेलिस वूलगारिसने १९७६ मध्ये छावणीवर 'हॅपी डे' केला, २००९ मध्ये यादवीवर 'प्सिही वाथिया', त्यात दोन सख्खे भाऊ समोरासमोरच्या फौजांत. मला हा दुसरा जरा गुळमुळीत वाटला, दोन्ही बाजूंना सारखंच माप देण्याच्या नादात भांडण मुळात कशावरून होतं तेच राहून जातं.