रँकिंग वेगळं, रेटिंग वेगळं

बेळगावात सकाळी टेनिसचे दोन सेट उरकून ऑफिस गाठणाऱ्यांची प्रतवारी अजून तोंडीच चालते. कोण कुणाला भारी, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि जोड्या पाडायला तेवढं पुरतं. स्पर्धेत उतरलं की पुरत नाही. तिथं रँकिंग आणि रेटिंग एकच समजून पुष्कळजण फसतात.

त्यात रँकिंग जुनं. १९६८ मध्ये मोठ्या स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्या, पण प्रवेश कुणाला द्यायचा हे बरंचसं आयोजकाच्या मर्जीवर असे. त्यावर उतारा म्हणून २३ ऑगस्ट १९७३ रोजी पुरुषांची पहिली संगणकीय यादी निघाली. रोमानियाचा इली नास्तासे पहिला. गुण कमवा, वर चढा हा हिशेब पुढे प्रौढांच्या वयोगटांतही आला. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) मास्टर्स टूर या प्रौढांच्या स्पर्धामालिकेत तिशीपासून पाच-पाच वर्षांचे गट आहेत. वय धरायचं ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं. जन्म २० डिसेंबर १९८१ चा असेल तर २०२६ च्या जानेवारीतच पंचेचाळिशीच्या गटात खेळता येतं. क्लबच्या स्पर्धांत मात्र कधी स्पर्धेच्या दिवशीचं वय धरतात, तर दुहेरीत कधी जोडीच्या वयांची बेरीज. पत्रक न वाचता नाव दिलं की ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार ते) पडल्यावर वाद ठरलेला.

गुणांच्या या हिशेबात मेख एकच: जो फिरतो तो चढतो. बेळगावची राज्य संघटना पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूला. त्याहून कितीतरी जवळचं कोल्हापूर महाराष्ट्राच्या संघटनेकडे. नोकरी सांभाळून वर्षाला दोनच स्पर्धा खेळणाऱ्याचं रँकिंग त्याच्या बॅकहँडविषयी काही सांगत नाही. रजा किती शिल्लक होत्या, एवढंच त्यातून कळतं.

रेटिंग आलं ते खेळाची पातळी मोजायला. अमेरिकेतल्या एनटीआरपी या रेटिंग पद्धतीत १.० ते ७.० अशा अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्या, आणि नवखा आपली पायरी स्वतःच सांगतो. मुद्दाम खालची सांगून करंडक उचलणारेही ओघानं आलेच. यूटीआरनं (युनिव्हर्सल टेनिस रेटिंगनं) ती सोय ठेवली नाही. तिथं १ ते १६.५ ची पट्टी, बारा महिन्यांतले जास्तीत जास्त ३० सामने, आणि जय-पराजयापेक्षा सेटमध्ये जिंकलेल्या गेमना महत्त्व. समजा गणितानुसार तुम्ही ६-१, ६-१ हरायला हवे होतात आणि हरलात ६-४, ६-४. तुमचा आकडा वर सरकतो, जिंकणाऱ्याचा खालीही येऊ शकतो. आयटीएफचं रेटिंग, वर्ल्ड टेनिस नंबर, उलट्या दिशेनं चालतो: ४० नवशिक्याचा, १ अव्वल खेळाडूचा. सुरुवातीला तो सेट मोजत असे, त्यामुळे ७-६ आणि ६-० त्याला सारखेच होते.

सीमाभागात खरी अडचण वेगळीच. सकाळचा खेळ बहुतेक दुहेरीचा, आणि यूटीआरमध्ये दुहेरीचं रेटिंग एकेरीहून स्वतंत्र. वॉकओव्हर, म्हणजे प्रतिस्पर्धी न आल्यानं मिळालेला विजय, धरलाच जात नाही. पावसाळ्यात मातीची कोर्टं बंद पडली की बारा महिन्यांतले तीन-चार कोरडेच जातात. शिवाय एकाच कोर्टवरच्या आठ जणांनी वर्षभर आपसातलेच सामने नोंदवले, तर आकड्यांवरून त्या आठांतला क्रम तेवढा कळतो. बाहेरच्यांशी तुलना करता येत नाही. त्यातला एकजण हुबळी-कोल्हापूरला नोंदणीचे चार सामने खेळून आला, अगदी चारही हरून आला, तरी बाकी सातांचे आकडे जाग्यावर यायला लागतात.